कनेरगाव नाक्याला लागलेलं जहाज

हिंगोली,
११ जानेवारी

बालाजी,

काल वाशीमला डोळे दाखवायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू अजून कच्चा आहे, तुम्हाला लांबचं स्वच्छ दिसतं." दुर्दैवाने खरं आहे. येताना बस कनेरगाव नाक्यावर थांबली आणि खिडकीतून मला तुझं ते जहाज स्वच्छ दिसलं.

कंडक्टरला विचारलं, हा काय प्रकार आहे? तो अभिमानाने म्हणाला, "मंगल कार्यालय हाय मॅडम. आपल्या बालाजीचं. उन्हाळ्यात चालू होणार." नववी ब मधला, शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर ट्रॅक्टर काढणारा बालाजी. तेव्हाही तुझ्या ट्रॅक्टरची मागची चाकं पुढे असायची. तू बदलला नाहीस.

आता ऐक. जहाज गुलाबी नसतं. जहाजाच्या खिडक्या एका ओळीत असतात, तुझ्या खिडक्या कण्हेरीच्या फुलांसारख्या वाटेल तिथे उगवल्या आहेत. सुकाणूचं चाक कप्तानाजवळ असतं, फाटकाबाहेर सेल्फी काढायला नसतं. नांगराला सोनेरी रंग दिलास, तो पाहून मला बसमध्ये हसू फुटलं आणि शेजारची बाई सरकून बसली.

आणि दिवे! जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. साऱ्या जगात. समोरच्या जहाजाला अंधारात कळावं, की हे आपल्याकडे येतंय की आपल्यापासून लांब जातंय. तू उलटे लावलेस. म्हणजे जाणत्या माणसाला दिसेल, की तुझं जहाज मागे मागे चाललंय, थेट हळदीच्या शेतात. लग्नात नवरी डावीकडे बसते आणि तिचा शालू लाल असतो. तेवढं ध्यानात ठेवलंस तरी पुरे.

तू म्हणशील, इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला जहाजातलं काय कळतं? तुम्हा मुलांना मी कधी सांगितलं नाही, कारण तुम्हाला साधा भूतकाळसुद्धा येत नव्हता, माझा कुठून सांगू? शाळेत येण्याआधी माझी सारी तरुण वर्षं 'मरियाना' या प्रवासी जहाजावर गेली. मुंबई ते मोंबासा, पुढे झांजिबार आणि परत. लहान मुलांच्या खोलीची मी प्रमुख होते. पांढरा कडक गणवेश, खांद्यावर निळी पट्टी. तेव्हा तुझे वडील चड्डीत असतील.

उत्तर मोबाईलवर देऊ नकोस. अंगठा वर केलेलं चित्र मी उत्तर मानत नाही. कागदावर लिही.

रीता राठोड

---

कनेरगाव नाका,
१९ जानेवारी

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी तुमचं अक्षर बघितलं की गृहपाठ राहिल्यावानी वाटतं. आमच्या आईनं, चतुराबाईनं, पत्र दोनदा वाचायला लावलं आन दोन्ही टायमाला तुमच्याच बाजूनं बोलली. म्हणली, "गुलाबी करू नको मी म्हणलं व्हतं."

मॅडम, खरं सांगतो, मी जहाज बघितलेलं न्हाई. समुद्रबी न्हाई. वाशीमच्या टाईल्सच्या दुकानात क्यालेंडरवर बघितलं आन डोक्यात बसलं. ह्या रोडला धा मंगल कार्यालयं, समदी सारखीच. म्हणलं आपण असं काही करावं की ट्रकवाला बी ब्रेक मारंल. खिडक्या डिझेलच्या ड्रमाच्या झाकणाच्या मापानं पाडल्या. मधलं धुराडं खोटं न्हाई, भटारखान्याचा धूर त्यातूनच जातो. दिवे तातेराव वायरमननं लावले. तो म्हणला, "लाल उजवीकडं बरा, हिंगोलीकडून येणाराला दिसतो." आता बदलून घेतो. रंग बी पांढरा करतो.

पण मॅडम, मोठी तकलीफ येगळीच हाय. पहिलं लगीन अक्षय तृतीयेच्या सुमाराला ठरलं. साखऱ्याकडच्या तांड्यावरचं. नवरी शीतल, तिचे आजोबा हरिचंद राठोड. समदं पसंत पडलं. मंग त्यांची थोरली बहीण आली बघायला, चंदाबाई. म्हातारी काठी आपटीत फिरली. वर डेकवर मांडव बघितला, म्हणली, "बैल कुठून आणणार?" मी म्हणलं, "बैल काहून?" तर म्हणली, आमच्यात पोरगी सासरी निघती तवा बैलाच्या पाठीवर उभी ऱ्हाती, हात वर करून हवेली म्हणती, आईबापाचं घर सोडल्याचं गाणं असतंय ते. मांडवातूनच निघती. जिन्यानं बैल चढतो व्हय?

जिना अरुंद, फरशी गुळगुळीत. ती म्हणली, "बैल न्हाई तर लगीन न्हाई, सेनगावला मैदान बघते." पहिलंच लगीन निघून गेलं तर समदा रोड म्हणंल, बालाजीचं जहाज पनवती हाय. मंग कोण येतं?

तुमी जहाजावरच्या. काही मार्ग असंल तर सांगा. आन एक इचारतो, तुमचं बी आडनाव राठोड. हे लोक तुमच्या नात्यातले हायेत का?

तुमचा विद्यार्थी,
बालाजी

---

हिंगोली,
२६ जानेवारी

बालाजी,

रंग पांढरा करतोस हे चांगलं. धुराड्यातून खरा धूर येतो हे त्याहून चांगलं, तुझ्या जहाजात ती एकच गोष्ट खरी आहे. तिला हात लावू नकोस.

हरिचंद माझा धाकटा भाऊ. चंदाबाई माझी थोरली बहीण. आमचं बोलणं नाही. ते का नाही, हे तुझ्या कार्यालयाच्या कामाचं नाही. तांड्यावर गेलास तर माझं नाव काढायचं नाही. हे वाक्य पुन्हा वाच.

आता जिन्याचं. जहाजाला जिना नसतो रे! धक्क्यावरून जहाजावर जायला उतरती फळी असते. रुंद, दोन्ही बाजूंना दोराचा कठडा, आणि पाय घसरू नये म्हणून तिच्यावर हाताहाताच्या अंतरावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. तिच्यावरून चढताना फळी किंचित लवते आणि पोटात गोळा येतो. तो गोळा म्हणजेच प्रवास. तुझ्या कार्यालयाला पुढच्या बाजूने अशी फळी लाव, लांब आणि सावकाश चढणारी. वऱ्हाडी मंडळी तिच्यावरून चढू देत, मग त्यांना कळेल आपण कुठे आलो. बैलाचं तुमचं तुम्ही बघा.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, कारण दोन दिवस झाले मला झोप नाही. तुझ्या त्या भयंकर गुलाबी वस्तूने सगळं ढवळून काढलं आहे. समुद्र खवळला की जेवणघरातल्या टेबलांवरच्या चादरी आम्ही मुद्दाम ओल्या करायचो, म्हणजे ताटल्या घसरत नसत. रात्रीच्या जेवणाला एक मुलगा लाकडी पेटीवर तीन सूर वाजवत बोळातून जायचा. सकाळी डेकवर कधी उडते मासे पडलेले असायचे आणि माझी सगळी पोरं ते पुन्हा पाण्यात टाकायला धावायची. विषुववृत्त ओलांडताना खलाशी समुद्रदेव बनून यायचे आणि पहिल्यांदाच प्रवास करणाऱ्याला साबणाच्या फेसात बुचकळायचे. मलाही बुचकळलं होतं. साखऱ्याच्या तांड्यावरची मुलगी, पृथ्वीच्या बरोबर मध्यावर, नाकातोंडात साबण!

आणि जहाज सुटायची वेळ. ती तू पाहायला हवी होतीस. प्रत्येक प्रवाशाला आम्ही रंगीत कागदी फितीची गुंडाळी द्यायचो. फितीचं एक टोक आपल्या हातात ठेवायचं आणि गुंडाळी खाली धक्क्यावर सोडायला आलेल्या माणसाकडे फेकायची. तो ती झेलायचा. शेकडो फिती, लाल, पिवळ्या, हिरव्या, वरून खालपर्यंत. भोंगा वाजला की बरगड्या थरथरायच्या. जहाज हळूच हलायचं, फिती ताणल्या जायच्या, आणि मग एकेक तुटायची. तुटेपर्यंत कोणी सोडायचं नाही. बायका तुटका तुकडा पदरात बांधून घरी न्यायच्या.

असो. फळीचं बघ.

रीता राठोड

---

कनेरगाव नाका,
२३ फेब्रुवारी

आदरणीय मॅडम,

आधी खुशखबर! फळी झाली. लोखंडी सांगाडा, वर सागाच्या फळ्या, आडव्या पट्ट्या, दोराचा कठडा, समदं तुमी लिहिल्या बराबर. उभी केली तसं आई बाहेर आली, बघितलं आन म्हणली, "आरं, ही तर बैल टेम्पोत चढवायची फळी!"

मॅडम, माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. बैल! बैल ह्याच्यावरूनच चढंल की! शेजारच्या गुलाबचंदचा बैल आणला, गुळाचा खडा दाखवला. नवरदेवावानी चढला गडी. डेकवर उभा राहून रोडकडं बघायला लागला. चार ट्रक थांबले.

माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. तशीच गाडी काढून तांड्यावर गेलो. चंदाबाई बाजेवर बसून शीतलच्या ओढणीला काचा लावून राहिली होती. मी म्हणलं, "आजी, बैलाचं जमलं!" ती म्हणली, "हे डोकं कोणाचं? तुझं न्हाई." मी म्हणलं, "आमच्या मॅडमचं." "कोण मॅडम?" मी गाडीची किल्ली चाचपली. ती म्हणली, "हिंगोलीची?" मी फळीचं माप सांगायला लागलो. "जहाजावाली?"

तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं व्हतं, मॅडम. पण ती म्हातारी नजर काढत न्हाई. मी मान हलवली.

मला वाटलं काठी घेऊन उठती. तिनं सुई खाली ठेवली. मंग म्हणली ते तुमाला सांगावं का न्हाई, चार दिवस इचार केला. आई म्हणली, सांग. म्हणून तिच्या तोंडचं लिहितो.

"ती न रडता गेली. मुंबईला निघाली तवा जीपमदी बसली आन मागं बघितलं न्हाई. आमच्यात लेक निघती तवा गळ्यात पडून रडती, सुरात रडती. रडली की ती मोकळी, मागं राहणारे बी मोकळे. मी तिला वाढवलं, आई न्हवती आमाला. मी दारात उभी, समद्या बाया उभ्या. ही शिकलेली, हिनं रुमाल बी काढला न्हाई. जीप गेली. मी आजून तिथंच उभी हाय."

मंग म्हातारी म्हणली, "इचार तिला. जहाज सुटलं तवा सोडायला कोण आलं व्हतं? ते सांगंल तवा लगीन कुठं ते मी सांगंन."

मॅडम, माफ करा. पण आता तुमच्या हातात हाय.

बालाजी

---

हिंगोली,
२८ फेब्रुवारी

बालाजी,

नाव काढू नकोस म्हटलं होतं. नववी ब मध्ये तू एकदा 'कृपया आवाज करू नका' ही पाटी हातोड्याने ठोकून सगळ्या शाळेचे वर्ग थांबवले होतेस. तेव्हाच तुझं भविष्य मला कळायला हवं होतं.

चाळीस वर्षं मी समजत होते की चंदाबाईला माझी लाज वाटते. मी जहाज सोडून परत आले आणि तांड्यावर गेले तर ती म्हणाली, "पाहुणीला पाणी द्या." बस, एवढंच. बाकीच्या बाया एकमेकींत बोलत होत्या, जहाज कुठलं, मुंबईला कुणाची भांडी घासत असेल. मला वाटलं, तीही तेच मानते. मी उठले आणि आले. पुन्हा गेले ती फक्त बाप वारला तेव्हा.

आणि कारण हे? मी रडले नाही म्हणून?

मला बापाने हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं तेव्हा मी एवढीशी होते. तिथे रडणाऱ्या मुलीला जेवणघराच्या भिंतीकडे तोंड करून उभं करत. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत. दोनदा उभी राहिले, मग शिकले. मान ताठ, ओठ बंद. इंग्रजी शिकायच्या आधी मी ते शिकले. जीपमध्ये मागे पाहिलं असतं तर काय झालं असतं हे मला ठाऊक होतं, म्हणून पाहिलं नाही. हे कुणाला तरी विचारता आलं असतं. चाळीस वर्षांत एकदा!

सोडायला कोण आलं होतं? कोणी नाही. कोण येणार होतं? साखऱ्याहून मुंबईच्या धक्क्यावर?

पहिल्या फेरीला मीही एक फीत घेतली होती. पिवळी. धक्क्यावर माझं कोणी नाही हे माहीत असून टाकली, सगळे टाकत होते म्हणून. एका हमालाने झेलली. वर पाहून हसला, दोन क्षण धरून ठेवली. मग कोणीतरी त्याला ट्रंक उचलायला हाक मारली. त्याने फीत खाली ठेवली, व्यवस्थित, एका खांबाजवळ, आणि गेला. जहाज अजून हललंही नव्हतं.

त्यानंतर मी फीत टाकली नाही. एवढी पोरं सांभाळायची असत, त्यांच्या गुंतलेल्या फिती सोडवता सोडवता बंदर मागे पडायचं.

हे मी तुला लिहिलं आहे. वाचून दाखवण्यासाठी नाही. लग्न सेनगावला होत असेल तर होऊ दे. तुझी फळी चांगली झाली आहे, दुसरं गिऱ्हाईक मिळेल.

रीता राठोड

---

कनेरगाव नाका,
९ मार्च

आदरणीय मॅडम,

वाचून दाखवलं.

शिव्या नंतर द्या, आधी ऐका. शीतलनं वाचलं, तिच्या आवाजात. भिंतीकडं तोंड करून उभं केलं ते आलं तवा चंदाबाईनं शीतलला म्हणलं, "परत वाच." हमालाचं आलं तवा बी, "परत वाच."

मंग म्हातारी म्हणली, "कागद तुटतोच का?"

शीतल म्हणली, "तुटतोच आजी. जहाज जातं ना."

"मंग काहून टाकतेत?"

मॅडम, ह्याचं उत्तर तुमाला आलं तर लिहा.

मी गाडीला किक मारली तवा तिनं काठीनं माझं मागचं चाक अडवलं. म्हणली, "लगीन जहाजावरच. आन तिला सांग, राहिलेलं रडणं घेऊन ये. विसरून आली तर फळीवरून खाली ढकलीन."

मॅडम, येताल ना? पाया पडतो.

बालाजी

ता. क. लाल दिवा डावीकडं घेतला. पण तातेराव म्हणतो, डावं कोणाचं? रोडवरून बघणाराचं का जहाजाचं?

---

हिंगोली,
१४ मार्च

बालाजी,

जहाजाचं! जहाजावर उभं राहून, तोंड पुढे करून, आपलं डावं! तातेरावला सांग, नवरीचं डावं नवरीला विचारायचं असतं, वऱ्हाड्याला नाही.

मी येईन. दिवे तपासायला. रडण्याबिडण्याचं काही जमणार नाही, ते चंदाबाईला स्पष्ट सांग. या वयात नवीन विषय घेता येत नाही.

पण आता काम नीट करायचं तर ऐक. सगळ्यांना आधी सांगून ठेव की जेवणाच्या आधी तीन सूर वाजतील, लाउडस्पीकरवर कोणी ओरडणार नाही. लाकडी पेटी नसेल तर पितळेची तीन भांडी घे, लहान, मध्यम, मोठं. मी स्वतः वाजवून पाहीन. आणि बैलाचा सराव रोज घ्या. हसू नकोस. जहाजावर लाईफबोटीचा सराव प्रत्येक फेरीला व्हायचा, शिट्टी वाजली की सगळे उभे. तुमच्या जहाजाचा धोका समुद्र नाही, बैल आहे. त्याला बॅण्डचा आवाज आधी ऐकवा, काचांची ओढणी घातलेली मुलगी त्याच्याजवळ उभी करून दाखवा, नाहीतर आयत्या वेळी तो झांजिबारला पोचेल.

फितींचा मी स्वतः उद्योग केला. बाजारातून बिलाच्या मशीनचे कागदी रोल आणले, अगदी हवे तसे अरुंद आणि लांब. अर्धे हळदीच्या पाण्यात बुडवले, हिंगोलीत राहून पिवळा रंग विकत आणणारी मी नाही. वाळले, पण चुरगळले. म्हणून इस्त्री फिरवली. बालाजी, इस्त्री लागताच सगळा रोल काळाकुट्ट! त्या कागदाला चटका बसला की तो काळा पडतो म्हणे, दुकानदाराने नंतर सांगितलं. लग्नाला काळी फीत! मी एकटीच स्वयंपाकघरात इतकी हसले की खालच्या मजल्यावरची पंचफुला वर धावत आली. आता आम्ही दोघी पताकांचा कागद कापतोय. ती चिकटवते, मी गुंडाळते. तिने विचारलं, मॅडम, तुम्ही खरंच जहाजावर होतात? मी कपाटातून गणवेशाची निळी पट्टी काढून दाखवली. तिने ती गालाला लावून पाहिली.

चंदाबाईला सांग, फिती का टाकतात हे इतक्या फेऱ्यांत मी कोणाला विचारलं नाही.

रीता राठोड

---

हिंगोली,
४ मे

बालाजी, हे पत्र तुझं नाही. तू फक्त तांड्यावर जाऊन वाचायचं, एक शब्द न गाळता. आणि तुझं मत मध्ये घालायचं नाही.

चंदाबाई,

तू घरी पोचलीस हे हरिचंदने कळवलं. तुला लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. तुला वाचता येत नाही म्हणून मी कधी लिहिलं नाही. किती मूर्ख कारण होतं ते, बालाजीसारखा वाचणारा मिळायला एवढी वर्षं लागली.

परवाचं तू सगळं पाहिलंस, पण तू खाली होतीस. वरून काय दिसत होतं ते तुला सांगायचं आहे.

मी आले तेव्हा तू फळीच्या तळाशी बाज टाकून बसली होतीस. मी म्हटलं, "वर चल." तू म्हणालीस, "मी सोडायला आले. सोडणारे खालीच असतेत, तूच लिहिलं व्हतं." मग मी वर गेले. फळी मधोमध लवली आणि माझ्या पोटात गोळा आला! कनेरगाव नाक्याला! मला ओरडावंसं वाटलं. डेकवरून पाहिलं तर एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला नांगरलेली रानं, लांबच लांब, ओळीच्या ओळी. काळ्या मातीच्या लाटा, बाई. मोतीबिंदू कच्चा असून लांबचं दिसतं, ते मला परवा पहिल्यांदा उपयोगी पडलं.

शीतल बैलावर चढली तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण बैल शहाणा, पुतळ्यासारखा उभा. पोरीने हात वर केले, काचा उन्हात चमकल्या आणि तिने हवेली सुरू केली. मला शब्द आठवतात असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या ओळीला माझे ओठ हलत होते. तू शिकवलेले, चुलीपाशी, मी कॉन्व्हेंटला जायच्या आधी.

मग फिती. तांड्याच्या पोरींनी वरून अशा फेकल्या की पंचफुलाची दीड महिन्याची मेहनत एका श्वासात आभाळात गेली. खाली सगळे झेलत होते, हरिचंद, चतुराबाई, ढाब्यावरचे लोक, दोन ट्रकवालेसुद्धा उतरून आले. एकाने गाडीत चढून भोंगा दाबून धरला. माझ्या बरगड्या थरथरल्या. तसाच आवाज! अगदी तसाच!

माझ्या हातात पिवळी होती. मी तुझ्याकडे नेम धरला. जहाजावर इतक्या पोरांना फिती फेकायला शिकवलं, नेम चुकणार नव्हता. तुझ्या मांडीवर पडली. तू उचललीस, दोन्ही हातांनी धरलीस, आणि वर पाहिलंस.

मग काय झालं ते मला कोणीतरी समजावून सांगा. मी वाट पाहत राहिले. सवयीने. आता जहाज हलेल, आता फीत ताणली जाईल, आता तुटेल. नवरी बैलावरून फळी उतरून गेली, गाडीत बसली, गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली. बाकीच्यांनी फिती सोडून दिल्या, पोरांनी गळ्यात गुंडाळल्या. आणि आपण दोघी तशाच. मी वर, तू खाली. बालाजीचं जहाज कुठे जाणार? सिमेंटचं! फीत तुटेना. तू सोडेनास, मी सोडेना. या प्रसंगाचा नियम मला कोणी शिकवलाच नव्हता. दोन्ही टोकं धरलेली फीत इतक्या वर्षांत एकदाही तुटल्याशिवाय राहिली नव्हती.

तू उठलीस. काठी बाजेवर टाकलीस आणि फीत गुंडाळायला लागलीस, दोरा रिळाला गुंडाळावा तशी, एकेक पाऊल पुढे येत. फळीला पाय लावलास. बालाजी धरायला धावला तर त्याला म्हणालीस, "सर बाजूला, बैल चढला ती मी चढंन." गुंडाळत गुंडाळत, चढत चढत, थांबत थांबत आलीस. फीत आखूड होत गेली. माझ्या हातातल्या टोकापाशी तुझी बोटं आली तेव्हा गुंडाळी पूर्ण झाली होती.

मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलशील. तू म्हणालीस, "एवढा चांगला कागद तोडून टाकत व्हते व्हय तुझे ते लोक? अक्कल न्हाई."

आणि माझ्या गळ्यात पडलीस. सुरात. सगळ्या तांड्यासमोर, ट्रकवाल्यांसमोर, सत्त्याहत्तर वर्षांच्या पेन्शनर बाईला सासरी धाडावं तशी.

पुढचं तुला माहीत आहे. तांड्यावर आणि नाक्यावर आता ते मीठमिरची लावून सांगत असतील, बालाजीची आई तर नक्कीच. म्हणून लेखी देऊन ठेवते. होय, रडले. आवाज काढून रडले. भिंतीकडे तोंड करून नाही, सगळ्यांसमोर. सुरात जमलं की नाही ते तू सांग, माझा सराव नव्हता.

पण आधी तू रडलीस. हेही लिहून ठेवलं आहे.

आता कामाचं. माझ्या खोलीत एक खाट रिकामी आहे आणि मुंबईला आगगाडी जाते. पावसाळा संपला की तुला खरं जहाज दाखवायला नेणार. आपण दोघी धक्क्यावर उभ्या राहू, सोडणाऱ्यांच्या बाजूला. ती गुंडाळी बरोबर घे. तुटू द्यायची नाही.

बालाजी, तुझं वाचून झालं. आता नाक्यावर जा आणि बघ, परवा मी निघाले तेव्हा हिरवा दिवा विझला होता.

तुझी,
रीता